वखारीतली वावटळ : रॉटरडॅमच्या फेनिक्स संग्रहालयाचा प्रकरण अभ्यास

वेंगुर्ल्यात डच वखार नावाची एक जागा आहे. सतराव्या शतकात डच ईस्ट इंडिया कंपनीनं बांधलेली. आमच्या लहानपणी तिच्या भिंती होत्या, छप्पर नव्हतं, आणि भिंतींच्या फटींतून झाडं फुटलेली होती. मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते, आणि या कामाकडे मी वळले त्याचं मूळ कुठेतरी त्या भिंतींत आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात मी युरोपात होते. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला शिकणारी माझी भाची फोनवर म्हणाली, "मावशी, ये ना, तुला एक डच वखार दाखवते. छपरासकट." मी पुढचे दोन दिवस मोकळे केले आणि तिच्याबरोबर रॉटरडॅमला गेले.

ती वखार म्हणजे फेनिक्स, माणसांच्या स्थलांतरावरचं कला संग्रहालय. १६ मे २०२५ ला ते लोकांसाठी खुलं झालं. शंभर वर्षं जुन्या काँक्रीटच्या गोदामाच्या पोटातून आरशासारख्या स्टेनलेस स्टीलनं मढवलेला दुपेडी जिना पीळ घेत वर चढतो, छपरातून बाहेर पडतो आणि तिथे एका सज्जात संपतो. त्याचं नावच 'टॉर्नेडो', म्हणजे वावटळ. फोटो बऱ्याच जणांनी पाहिले असतील. फोटोत तो एखाद्या दागिन्यासारखा दिसतो, आणि माझ्या मनात आधीपासून एक अढी होती : बिचाऱ्या म्हाताऱ्या इमारतीच्या डोक्यावर कुणीतरी चकचकीत तुरा खोवलाय. ती अढी कुठे सुटली आणि कुठे तशीच राहिली, ते इथे मांडते आहे.

आधी गोदाम

रॉटरडॅममध्ये मास नदीच्या दक्षिणेला काटेनड्रेख्त नावाचं एक टोक पाण्यात शिरलं आहे. त्याच्या एका अंगाला राइनहावन ही गोदी आणि तिच्या पलीकडे विल्हेल्मिना धक्का. १८७३ साली या शहरात एक आगबोट कंपनी निघाली, तीच पुढे हॉलंड-अमेरिका लाइन. पूर्व आणि मध्य युरोपातली गरीब कुटुंबं, त्यांत छळाला कंटाळून निघालेले ज्यूही पुष्कळ, आगगाडीनं इथवर यायची, बोट सुटेपर्यंत थांबायची आणि अमेरिकेला निघून जायची. अशी लाखो माणसं या शहरानं पाठवली. विल्हेल्मिना धक्क्यावर कंपनीचं मुख्य कार्यालय होतं. १९९३ पासून तिथे हॉटेल चालतं आणि त्याचं नाव हॉटेल न्यूयॉर्क.

माणसं पलीकडच्या धक्क्यावर आणि माल अलीकडे, काटेनड्रेख्तच्या गोदामात. १९२३ साली ते उभं राहिलं तेव्हा त्याचं नाव सॅन फ्रान्सिस्को होतं. वास्तुविशारद कॉर्नेलिस वान गोर. लांबी ३६० मीटर, म्हणजे आपल्या पंधरा डब्यांच्या लोकलपेक्षाही जास्त. एका जहाजातून उतरलेला माल दुसऱ्या जहाजावर किंवा आगगाडीवर चढेपर्यंत ठेवायचा, एवढंच त्याचं काम. वखार हा शब्द इथे तंतोतंत बसतो. कशाचंही कायमचं घर नसलेली जागा.

दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, जर्मन सैन्यानं रॉटरडॅमच्या बंदराचे धक्के सुरुंग लावून उडवले, त्यात गोदामाचंही नुकसान झालं. युद्धानंतर आगीत मधला भाग गेला. उरलेल्या दोन तुकड्यांना नाव मिळालं फेनिक्स १ आणि फेनिक्स २ : राखेतून उठणाऱ्या पक्ष्याचं. पहिल्याच्या डोक्यावर आता सदनिका आहेत, त्या कामाला स्वतंत्र लेख हवा. संग्रहालय दुसऱ्यात आहे.

काटेनड्रेख्तचीही एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती कळल्याशिवाय या जागेची निवड कळत नाही. १९११ साली डच खलाशांनी संप केला. तो मोडायला जहाज कंपन्यांनी चिनी खलाशी आणले. बॉयलरपुढे कोळसा ओढायचं काम हे लोक करायचे आणि दोन सफरींच्या मध्ये काटेनड्रेख्तच्या खानावळवजा घरांत दाटीवाटीनं राहायचे. बघता बघता युरोपच्या मुख्य भूमीवरच्या सर्वात जुन्या चिनी वस्त्यांपैकी एक इथे तयार झाली. मग तिशीच्या दशकातली मंदी आली, जहाजांवरचं काम आटलं. तेव्हा हेच खलाशी गळ्यात डबा अडकवून शेंगदाण्याच्या चिक्कीसारख्या वड्या रस्त्यावर विकायला लागले. डच लोकांनी त्यांना नाव ठेवलं शेंगदाणेवाला चिनी. पुढे सरकारनं त्यांतल्या पुष्कळांना परत पाठवलं.

संपात कामगार म्हणून आणायचे, मंदीत उपरे म्हणून हाकलायचे. हे वाचताना मला गिरणगाव आठवलं. तपशील वेगळे असतील, पण पोटासाठी आलेल्या माणसाकडे शहर कोणत्या वेळी कसं बघतं, हा हिशेब ओळखीचा वाटला.

याच टोकावर आज बीजिंगमध्ये जन्मलेल्या वास्तुविशारदाचा जिना उभा आहे. मा यानसोंग, जन्म १९७५, त्यांच्या संस्थेचं नाव मॅड आर्किटेक्ट्स. कॅनडात मिसिसागाचे वळणदार जुळे मनोरे आणि चीनमधलं हार्बिनचं ऑपेरागृह ही त्यांची कामं. या योगायोगाचा कुणी गाजावाजा केलेला मला दिसला नाही, पण वस्तीचा इतिहास माहीत असेल तर तो नजरेआड करता येत नाही.

अडचण कुठे होती

स्थलांतरावरची संग्रहालयं युरोप-अमेरिकेत बरीच आहेत, आणि त्यांतली बहुतेक एका सरळ मार्गानं गेली आहेत : घटना जिथे घडली ती जागा जपायची. न्यूयॉर्कचं एलिस आयलंड हे तेच बेट, जिथे येणाऱ्यांची तपासणी व्हायची. अँटवर्पचं रेड स्टार लाइन संग्रहालय २०१३ साली त्याच इमारतींत उघडलं, जिथे प्रवाशांची आंघोळ, सामानाचं निर्जंतुकीकरण आणि डॉक्टरी तपासणी व्हायची. पोलंडमधलं गदिन्याचं संग्रहालय जुन्या सागरी स्थानकात आहे. अशा ठिकाणी वास्तुविशारदाला फार बोलावं लागत नाही. भिंती बोलतात.

फेनिक्सची पंचाईत वेगळी होती. ही मालाची वखार. अमेरिकेला निघालेलं कुटुंब मुलांना कवटाळून जिथे रांगेत उभं राहिलं ती जागा पाण्यापलीकडे होती. म्हणजे इथल्या भिंतींकडे सांगायला गोष्ट होती ती पोत्यांची आणि पेट्यांची. दुसरं म्हणजे रॉटरडॅमची गोष्ट एकेरी नाही. इथून लाखो माणसं गेली आणि इथे लाखो आली. युद्धानंतर खुद्द डच लोक मोठ्या संख्येनं कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाला गेले. त्याच दशकांत आणि पुढे इंडोनेशिया, सुरिनाम, केप व्हर्दे, तुर्कस्तान, मोरोक्को इथून माणसं आली. आज शहरात १७० हून जास्त देशांचे लोक राहतात. २००९ ते २०२४ एवढा काळ महापौर असलेले अहमद अबूतालेब मोरोक्कोत जन्मले होते. अशा शहरात 'आमचे पूर्वज कसे गेले' एवढंच सांगणारं संग्रहालय उभं करणं खोटेपणाचं झालं असतं, आणि 'ते इकडे कसे आले' एवढंच सांगणारं आणखी खोटेपणाचं.

जिना दुपेडी का, याचं उत्तर मला इथे सापडलं.

जिना

आकडे एकदाच सांगते. दोन्ही वाटा मिळून लांबी ५५० मीटर. अंगावर २९७ स्टेनलेस स्टीलचे पत्रे, एकेक वेगळ्या बाकाचा, उत्तरेकडच्या ग्रोनिंगन प्रांतात घडवून आणलेले. वरचा सज्जा जमिनीपासून २४ मीटरवर. पायाखाली लाकूड.

आकड्यांपेक्षा त्या लाकडाचं महत्त्व मला जास्त वाटलं. बाहेरून हा जिना सगळा धातू आहे, थंड, चकाकता, हात लावावासा वाटेल आणि लावायला भीती वाटेल असा. आत पाऊल टाकलं की तळव्याखाली मऊसर लाकडी फळ्या, आणि चालण्याचा आवाज एकदम बदलतो. जहाजाच्या डेकवर चालल्यासारखा. चढ इतका सावकाश आहे की जिना चढतोय असं न वाटता वळणावळणाच्या घाटवाटेनं निघालोय असं वाटतं.

दुपेडी जिने नवे नाहीत. फ्रान्समधल्या शाँबोरच्या गढीतला सोळाव्या शतकातला जिना प्रसिद्ध आहे : दोन पेड एकमेकांभोवती फिरतात, चढणारा आणि उतरणारा एकमेकांना झरोक्यातून बघू शकतात पण भेटत नाहीत. फेनिक्सचा जिना नेमका इथे वेगळा होतो. इथे वाटा एकमेकींना छेदतात. मधे मधे थांबून ठरवावं लागतं : इकडे की तिकडे?

पहिल्याच फाट्यावर भाची एका वाटेनं गेली, मी दुसऱ्या. मुद्दाम ठरवून. थोड्या वेळानं मला कळेना की ती माझ्या वर आहे की खाली. समोरच्या वळणावरच्या स्टीलमध्ये एक लाल जाकीट लांबट, वितळल्यासारखं सरकताना दिसलं. मी हाक मारली. उत्तर मागून आलं. ती माझ्या जवळच होती, मी तिला समोर शोधत होते. पुढच्या छेदावर आम्ही भेटलो, हसलो, आणि ती पुन्हा दुसऱ्याच वाटेला लागली.

माझी अढी सुटली ती या जागी. पायांना जे कळलं ते कुठल्याही फलकावर लिहून कळलं नसतं. घर सोडून निघालेल्या माणसाला वरून दिसणारा नकाशा कधीच नसतो. त्याला पुढचं एक वळण दिसतं. बरोबर निघालेला भाऊ कुठल्या गावी थांबला हे पुष्कळ उशिरा कळतं. कोण पुढे गेलं, कोण मागे राहिलं हे ठरवता येत नाही, कारण मोजायची पट्टीच फिरत असते. संग्रहालयांत मी अनेकदा पाहिलं आहे की 'अनुभव' द्यायचा म्हणून अंधार करतात, लाटांचे आवाज लावतात, रडणारं मूल ऐकवतात. इथे त्यातलं काही नाही. इथे फक्त चालायला लावलं आहे, आणि चालता चालता निवड करायला.

जुन्याला किती हात लावला

माझ्या पोटापाण्याचा विषय असल्यामुळे यावर थोडं जास्त बोलते.

जुन्या इमारतीत नवं काही घालायचं तेव्हा दोन चुका ठरलेल्या असतात. एक, नव्यानं जुन्याची नक्कल करणं, म्हणजे दोन्हींची पत जाते. दुसरी, जुन्याचा दर्शनी भाग तेवढा ठेवून आतलं सगळं खरवडून काढणं. मग उरतो तो मुखवटा. आपल्याकडे गिरण्यांच्या जमिनींवर दुसरी चूक कितीदा झाली ते लोअर परळला लोकलमधून उतरणारा प्रत्येक माणूस बघतो. चिमणी ठेवतात आणि म्हणतात वारसा जपला.

फेनिक्समध्ये गोदामाच्या जतनाचं काम ब्युरो पोल्डरमान या संस्थेकडे होतं. १७२ मीटर लांबीची दर्शनी बाजू दुरुस्त झाली, आणि आत काँक्रीटचे खांब, तुळया, उघडे छतपट्टे दिसतात तसेच ठेवले. शंभर वर्षांपूर्वीच्या काँक्रीटची दुरुस्ती किती किचकट असते हे समुद्रकाठी काम केलेल्यांना सांगायला नको. खारी हवा आत शिरते, सळई गंजते, फुगते आणि वरचा थर ढलप्यांनी सुटतो. तो थर पुन्हा भरताना रंग आणि पोत जुळवायचा, तरी दुरुस्ती दुरुस्तीच दिसली पाहिजे, हे फार संयमाचं काम आहे. मी एका खांबाजवळ बराच वेळ उभी होते. भाचीला वाटलं मी दमले.

जिना मात्र एकाच ठिकाणी घुसवला आहे, गोदामाच्या मध्यावर. तिथे मजले आणि छप्पर कापलं आहे. कापलं हे खरं, आणि ते मी लपवणार नाही. मजल्याला भगदाड पाडणं ही शस्त्रक्रियाच. पण बाकी वखार जशीच्या तशी राहिली आहे, आडवी, लांबलचक, भरभक्कम. जिन्याची ऐट या आडवेपणामुळेच उठून दिसते. हीच वावटळ मोकळ्या पटांगणात एकटी उभी केली असती तर ती एक महागडी शोभेची वस्तू झाली असती. वखारीत ती आहे म्हणून तिला अर्थ आहे : पेट्या ठेवायच्या जागेतून माणूस उठला आणि चालायला लागला.

तळमजल्यावर 'प्लेन' नावाचा भाग आहे, डचमध्ये चौक. सव्वादोन हजार चौरस मीटरच्या आसपासची ही जागा शहराला मोकळी दिली आहे. आम्ही गेलो त्या दिवशी तिथे काही बाया टेबलावर काहीतरी शिवत होत्या, एक म्हातारे गृहस्थ नुसतेच बसले होते. संग्रहालयाच्या उंबरठ्यावर तिकिटाची खिडकी न ठेवता आधी चौक ठेवायचा, हा निर्णय जिन्याइतकाच मोलाचा आहे. त्याचे फोटो कुणी काढत नाही.

दोन हजार बॅगा

संग्रहातल्या सगळ्या गोष्टींवर लिहायचा इथे विचार नाही. 'द फॅमिली ऑफ मायग्रंट्स' या दालनात ५५ देशांतल्या १३६ छायाचित्रकारांची १९४ छायाचित्रं आहेत. दुसरीकडे भूमध्य समुद्र ओलांडून लाम्पेदुसा या इटलीच्या बेटाला पोहोचलेल्या स्थलांतरितांची एक खरी होडी ठेवली आहे. ती इतकी लहान आहे की मी आधी तिला मासेमारीच्या होडीचा नमुना समजले होते. रॉटरडॅमला जन्मलेला आणि १९२६ साली जहाजात लपून अमेरिकेला पळालेला विलेम डी कूनिंग हा चित्रकारही इथे येऊन-जाऊन भेटतो, आणि ते साहजिक आहे.

मला थांबवलं ते बॅगांनी. लोकांनी दिलेल्या जवळपास दोन हजार बॅगा, ट्रंका, पेट्या रचून त्यांचा एक चक्रव्यूह केला आहे. मधून वाट. कानाला लावायच्या यंत्रातून काही बॅगांच्या गोष्टी ऐकू येतात. कातडी, पुठ्ठ्याच्या, वेताच्या, पत्र्याच्या. बाजूला आलेले गंजाचे डाग, झिजलेले कोपरे, अर्धवट सोललेली जहाज कंपन्यांची लेबलं.

आमच्या घरी माळ्यावर आजोबांची ट्रंक आहे. हिरवा रंग, काळी पट्टी, झाकणावर पांढऱ्या रंगात नाव आणि खाली 'वेंगुर्ले - मुंबई'. आजोबा गिरणीत लागायला गेले तेव्हाची. वेंगुर्ल्याहून आगबोटीनं मुंबई, भाऊच्या धक्क्यावर उतरायचं. पावसाळ्यात बोट बंद, म्हणून मृगाच्या आधी जायचं नाही तर नारळी पौर्णिमेपर्यंत थांबायचं. आजी म्हणायची, "आधी टरंक, मगे माणूस." बोट धक्क्याला लागत नसे, खोल पाण्यात उभी राहायची, पडावातून तिच्यापर्यंत जायचं आणि सामान आधी वर द्यायचं. ट्रंक वर गेली की परतायचा विचार संपला.

त्या दोन हजार बॅगांसमोर उभी असताना मला हे वाक्य आठवलं आणि मी भाचीला सांगितलं. तिनं ते कधी ऐकलं नव्हतं. ती ज्या दोन बॅगा घेऊन शिफोल विमानतळावर उतरली त्यांचं वजन प्रत्येकी २३ किलो होतं हे मात्र तिला बरोबर आठवत होतं.

जे त्या जिन्यात मावत नाही

आता अढी जिथे शिल्लक आहे तिथे येते.

हा जिना निवडीचा आहे. इकडे जा, तिकडे जा, थांब, बघ, पुन्हा चाल. शेवटी सगळे वरच पोहोचतात, आणि वर सुंदर देखावा आहे. पण सगळ्यांचं स्थलांतर असं होतं का? पुन्हा १८७३ सालाकडे जाऊ. रॉटरडॅमला जहाज कंपनी स्थापन झाली त्याच वर्षी, फेब्रुवारी महिन्यात, 'लल्ला रुख' नावाचं जहाज कलकत्त्याहून निघालं. त्यात ४१० हिंदुस्थानी माणसं होती, डच वसाहत असलेल्या सुरिनामच्या ऊसमळ्यांवर करारानं मजुरी करायला निघालेली. ५ जूनला ते पारामारिबोला लागलं तेव्हा ३९९ उरली होती. १९१६ पर्यंत अशा ६४ फेऱ्यांत सुमारे ३४ हजार माणसं गेली, मुख्यतः भोजपुरी आणि अवधी पट्ट्यातली. सुरिनाम १९७५ साली स्वतंत्र झालं, तेव्हा त्यांच्या वंशजांतले हजारो लोक नेदरलँड्सला आले. हेग शहरात आज त्यांची सरनामी भाषा ऐकू येते, होळी होते.

एकाच साली, एकाच राज्याच्या नावानं, दोन जहाजवाटा. एका वाटेवर तिकीट काढून निघालेला माणूस होता, भले उपाशी, भले घाबरलेला, पण तिकीट त्याचं. दुसऱ्या वाटेवर करारावर अंगठा उठवलेला माणूस होता. पुष्कळांना सुरिनाम कुठे आहे हेही ठाऊक नव्हतं. आणि त्याच्याही आधी, त्याच मळ्यांवर, बेड्या घालून आणलेले आफ्रिकी गुलाम होते. सुरिनामात गुलामगिरी १८६३ साली कायद्यानं संपली, पण त्यानंतरही दहा वर्षं त्यांना सरकारी देखरेखीखाली मळ्यांवर राबवलं. ती दहा वर्षं संपली १८७३ लाच, म्हणून तर कलकत्त्याहून जहाज निघालं. या माणसांची वावटळ दुपेडी नव्हती. त्यांच्या वाटेला फाटा नव्हता.

याबद्दल संग्रहालय गप्प आहे असं मी म्हणत नाही. कलाकृतींमधून हा विषय येतो. माझं म्हणणं वास्तूबद्दल आहे. वास्तूनं एक रूपक निवडलं, ते अतिशय समर्थपणे उभं केलं, आणि त्या रूपकात सक्तीला जागा राहिली नाही. हा दोष लहान नाही. कुठेतरी एखादी अशी पायरी हवी होती जी कुठेच जात नाही, एखादा कठडा हवा होता जो मागे फिरायला लावतो. वरच्या सज्जातलं ऊन आणि वारा मग वेगळा लागला असता.

पैशाचीही गोष्ट आहे. हे संग्रहालय 'ड्रोम एन डाड', म्हणजे स्वप्न आणि कृती, या खासगी निधीनं उभं केलं. २०१६ साली स्थापन झालेल्या या निधीचे संचालक विम पाइब्स, आधी आम्सटरडॅमच्या रायक्स संग्रहालयाचे प्रमुख होते. निधीमागचं फान डेर फोर्म कुटुंब म्हणजे एके काळी हॉलंड-अमेरिका लाइनच ज्यांच्या हातात होती ते. स्थलांतरितांच्या भाड्यावर वाढलेल्या कंपनीतला पैसा वळसा घेऊन स्थलांतरितांच्या संग्रहालयात आला. काहींना हे खटकतं. मला खटकलं नाही. खासगी पैसा होता म्हणून इतका धाडसी जिना इतक्या निगुतीनं पुरा झाला असं माझं मत आहे. आपल्याकडे बंदरांवर आणि गिरण्यांवर श्रीमंत झालेल्या घराण्यांनी अशी एखादी वास्तू बांधली असती तर मी पहिल्या दिवशी रांगेत उभी राहिले असते.

आणि काळही बघा. २०२३ च्या निवडणुकीत नेदरलँड्समध्ये सर्वात जास्त जागा मिळाल्या त्या स्थलांतराला कडाडून विरोध करणाऱ्या पक्षाला. १५ मे २०२५ ला राणी मॅक्सिमा यांनी, ज्या स्वतः अर्जेंटिनातून या देशात आल्या, फेनिक्सचं उद्घाटन केलं. ३ जूनला आश्रयाच्या धोरणावरून तो पक्ष बाहेर पडला आणि सरकार कोसळलं. तीन आठवडेसुद्धा झाले नव्हते.

वर

सज्जात वारा इतका होता की बोलणं ऐकू येत नव्हतं. समोर राइनहावनचं पाणी, पलीकडे हॉटेल न्यूयॉर्कचे दोन हिरवे मनोरे, आता त्यांच्या भोवती काचेच्या उंच इमारती. त्या दोन मनोऱ्यांच्या खालून माणसं बोटीत चढली. इथे उभं राहिल्यावर मालाची जागा आणि माणसांची जागा पहिल्यांदा एका नजरेत येतात, आणि जिना नेमका इथेच का संपवला ते कळतं.

भाचीचं शिक्षण येत्या उन्हाळ्यात संपेल. त्यानंतर नोकरी शोधायला तिला एक वर्ष राहायची परवानगी मिळेल. डच भाषेत त्याला 'झूकयार' म्हणतात, शोधायचं वर्ष. त्या वर्षात नोकरी लागली तर पुढचं, नाही तर परत. मी विचारलं, "परत यायचं मनात आहे का?" ती म्हणाली, "मावशी, तू मला जिन्यावर पण हेच विचारत होतीस. वर की खाली." मग तिनं विषय बदलला. "पणजोबांची ती ट्रंक अजून आहे का गं?"

आहे, मी म्हटलं. तिच्यात आता बियाण्याचं भात असतं.

घरी आल्यावर मी माळ्यावर चढून ट्रंकेचे फोटो काढले आणि तिला पाठवले. झाकण, नाव, कोपरे, कड्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा निरोप आला होता. बाकी कशाबद्दल नाही. एका फोटोत डाव्या कडीला काथ्याच्या दोरीचा वीतभर तुकडा अजून बांधलेला दिसत होता, तो कशाला, असं तिनं विचारलं होतं. मी लिहिलं : पडावातून बोटीवर वर ओढायला.